चौदा पिल्लांत नऊ कोंबडे. आता काय करू?

परसदारीण

नमस्कार मंडळी. प्रश्न कोंबड्यांचा आहे, पण घरात त्यावरून रोज वाद होतोय, म्हणून इथे आले.

चिपळूणपासून थोडं आत आमचं घर. परसात सहा गावठी कोंबड्या आणि एक जुना कोंबडा, एवढाच बारदाना होता. शिवरात्रीच्या सुमाराला दोन कोंबड्या एकदमच खुडूक झाल्या आणि सासूबाईंनी दोघींना रवणावर, म्हणजे अंडी उबवायला, बसवलं. पिल्लं बरीच निघाली. काही घारीनं नेली, काही मुंगसानं, उरली चौदा. तीन महिने सगळं गोड चाललं होतं. मग तुरे लाल व्हायला लागले, शेपट्या वळायला लागल्या आणि हिशेब कळला. नऊ कोंबडे, पाच तलंगा (तरुण कोंबड्या).

म्हणजे जुने धरून माद्या अकरा आणि नर दहा. त्यात हा आषाढातला पाऊस. बाहेर सोडता येत नाही, पडवीला लागून जाळी मारलीय तिथेच सगळी कोंबून आहेत. दिवसभर मारामाऱ्या. एका म्हाताऱ्या कोंबडीच्या पाठीवर पीस राहिलेलं नाही. ती दांडीवरून खाली उतरत नाही, तिचं खाणं मला वर न्यावं लागतं. पहाटे चारला एक ओरडतो, मग बाकीचे ओळीनं. शेजारी मुंबईहून निवृत्त होऊन आलेलं जोडपं आहे. इतके दिवस हसून बोलायचे, आता नुसतं बघतात.

मुलीनं सगळ्यांना ग्रामपंचायतीवरून नावं दिलीत. जुना तो सरपंच. मग उपसरपंच, तलाठी, ग्रामसेवक, पोलीसपाटील, कोतवाल वगैरे वगैरे. आम्ही खाणारी माणसं आहोत, तो प्रश्न नाही. पण सासरे म्हणतात दोन-तीन ठेवू, नवरा म्हणतो सगळे विकून टाक, मुलगी म्हणते एकही जाणार नाही. किती ठेवावेत, कुठले ठेवावेत, आणि बाकीच्यांचं काय? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

आडकित्ता

तलाठ्याची बदली करा. निम्मा त्रास तिथेच संपेल.

गजालवाला

येवढी चर्चा कशाक? आमच्याकडे कोंबो मोठो झालो की देवाक, नायतर पावण्याक. तिसरी वाट माका तरी म्हायत नाय.

बिनधास्त_आजी

अगं, अंडी बघून का नाही बसवली? टोकदार अंड्यातून कोंबडा, गोलसर अंड्यातून कोंबडी. माझी आई कंदिलासमोर धरून निवडायची आणि टोकदार ती अंड्याच्या पोळ्यासाठी बाजूला काढायची.

मोजपट्टी

आजी, तुमच्या आईंचा मान राखून सांगतो, नाणं उडवून निवडलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती.

बाकी धागाकर्त्या ताईंना वाटतंय की आपल्यावरच अन्याय झाला, तर तसं नाही. नर-मादी निम्मी-निम्मी शक्यता धरली आणि चौदा पिल्लं घेतली, तर नऊ किंवा त्याहून जास्त नर निघायची शक्यता २१ टक्के येते. दर पाच रवणांत एकदा हे होणारच. उलट घार आणि मुंगूस नेमकं काय घेऊन गेले ते कुणाला माहीत!

आडकित्ता

घार तलंगाच नेते. तिलाही पहाटे चारला उठायचं नसतं.

पशुवैद्य_देशावरचा

अंड्याच्या आकाराचं पहिल्यांदा मिटवतो. पक्ष्यांत आपल्या उलट असतं. कोंबड्याची दोन्ही लिंगसूत्रं सारखी असतात, कोंबडीची वेगवेगळी. त्यामुळे पिल्लू नर की मादी हे कोंबडीकडून ठरतं, आणि तेही कवच चढायच्या आधीच. आकार त्या कोंबडीच्या अंडनलिकेवर अवलंबून. एकच कोंबडी आयुष्यभर टोकदार अंडी घालते आणि तिला दोन्ही होतात. ऊब कमी-जास्त केल्यानं लिंग बदलतं हेही कोंबडीत खरं नाही. ते कासवांत आणि मगरींत.

आता मुद्द्याचं. एका कोंबड्यामागे आठ ते दहा कोंबड्या हे चालतं प्रमाण. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याची तलंग गट वाटपाची योजना आहे, तिच्यात २५ माद्यांमागे ३ नर देतात. तुमच्याकडे अकरा माद्या आहेत, म्हणजे एक नर पुरे. दुसरा ठेवलात तर हौस म्हणून.

नर जास्त झाले की पहिला मार बसतो तो जुन्या, गरीब कोंबड्यांना. सगळे त्यांच्यावरच चढतात, कारण तलंगा पळून जातात. पाठीची पिसं जातात, मग कातडी फाटते आणि या दिवसांत जखमेवर माशी बसली की दोन दिवसांत आळ्या. तुमच्या त्या पाठ उघड्या कोंबडीला आजच वेगळं काढा. जखम असेल तर कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा, कोरडी ठेवा, हळद लावली तरी चालेल. आळ्या दिसल्या तर जवळच्या दवाखान्यात दाखवा. पिसं पूर्ण येईपर्यंत परत सोडू नका. रक्त दिसलं की बाकीच्याही टोचतात, कोंबडीला दयामाया नसते.

आणखी एक. सगळ्यांना एकच अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य घालत असाल तर थांबवा. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. वाढत्या कोंबड्याला ते नको असतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. त्यांना वाढीचं खाद्य द्या, आणि अंडी घालणाऱ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्यांना लागतो त्या खातात.

परसदारीण

धन्यवाद डॉक्टर. कोंबडीला न्हाणीजवळच्या डालग्याखाली ठेवलंय. जखम नाही, नुसती सोललेली आहे. आणि हो, खाद्य एकच घालत होते.

डोंगरकपारी

मावळात माझ्याकडे साठेक पक्षी असतात, त्यामुळे हा विषय दरवर्षी येतो. मी जे करतो ते सांगतो.

नर ओळखायला आले की लगेच वेगळे करायचे. गावठीत साधारण अडीच-तीन महिन्यांत तुऱ्यावरून अंदाज येतो. नक्की करायचं तर मानेची आणि कमरेची पिसं बघा. नराची लांब, टोकदार आणि चकचकीत येतात, मादीची टोकाला गोल राहतात. पायामागचा काटा बघत बसू नका, तो फार उशिरा येतो आणि म्हाताऱ्या माद्यांनाही येतो.

वेगळे म्हणजे नुसतं जाळीच्या पलीकडे नाही. कोंबड्या दिसल्या की जाळीला चिकटून मारामाऱ्या चालूच. घराच्या दुसऱ्या अंगाला, नजरेआड. एकत्र वाढलेले भाऊ मादी नसेल तर चांगले राहतात. हे लोकांना खरं वाटत नाही, पण माझ्याकडे एका वेळी पंधरा-पंधरा नर असे राहिलेत. पथ्यं थोडी आहेत. खाणं-पाणी किमान तीन ठिकाणी ठेवायचं. बसायच्या दांड्या वेगवेगळ्या उंचीवर. मार खाणाऱ्याला लपायला दोन-चार फांद्या किंवा उभं केलेलं पत्र्याचं पान. आणि सगळ्यांना एकाच रात्री, अंधारात हलवायचं. एखाद्याला आठवडाभर बाहेर काढून परत आत टाकलं की तो त्यांच्यासाठी परका होतो, मग त्याचं काही खरं नाही.

जागा किती? निजायला प्रत्येकी चार चौरस फूट, हिंडायला निदान दहा. नऊ कोंबड्यांना साधारण दहा बाय दहाचं अंगण. पावसात वर पत्रा हवाच.

पण हे कायमचं उत्तर नाही, निर्णयासाठी वेळ काढून देतं एवढंच. मोठा नर दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास खातो. नऊ जणांचे महिन्याला सत्तावीस किलो. तीस रुपये किलो धरा, आठशे रुपये. पाच-सहा महिन्यांनंतर गावठी नर वजन फारसं वाढवत नाही, खाल्लेलं सगळं मस्तीत जातं.

निर्मांस

सगळा हिशेब वजनाचा आणि रुपयांचा. ज्याला नाव दिलंय त्याला तराजूवर ठेवताना काही वाटत नाही का? आमच्याकडे चार कोंबडे आणि तीन कोंबड्या आहेत, सगळे म्हातारे होऊन मरतील. प्रमाण वगैरे पुस्तकी आहे, मोकळी जागा असली की राहतात.

डोंगरकपारी

तुमच्याकडे मोकळी जागा किती आहे?

निर्मांस

अर्धा एकर. आंब्याची बाग.

डोंगरकपारी

बरोबर. त्यांच्याकडे जाळी मारलेली पडवी आहे. पाठ सोललेल्या कोंबडीलाही काही वाटत असेलच ना?

निर्मांस

तो मुद्दा मान्य. पण मग मुळातच पिल्लं का काढायची? कोंबडी खुडूक झाली की प्रत्येक वेळी बसवलीच पाहिजे असं कुठे आहे? अंडी खा, संपलं. निम्मे नर निघणार हे माहीत असून बसवायचं आणि मग “आता काय करू” म्हणायचं, हे मला पटत नाही. ताई, तुमच्यावर राग नाही, सगळेच असं करतात.

बिनधास्त_आजी

खुडूक मोडायला आम्ही कोंबडीच्या नाकात तिचंच पीस घालायचो. नाहीतर हौदात बुडवून काढायची. दोन दिवसांत ताळ्यावर.

पशुवैद्य_देशावरचा

आजी, पीस नको, पाणीही नको. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा. खाणं-पाणी द्यायचं, गवत-भुसा काही नाही. पोटाला गारवा लागला की खुडूकपणा उतरतो.

निर्मांस यांचा मुद्दा मात्र सोळा आणे खरा आहे. पुढच्या वर्षी किती पिल्लं हवीत हे रवण घालायच्या आधी ठरवायचं, आणि तेव्हाच निम्म्यांचं काय करणार तेही.

हानोफरकर

जर्मनीतून लिहितोय. इथे हाच प्रश्न देशपातळीवर गाजला. अंड्यांसाठीच्या जातीचे नर ना अंडी देतात ना मांस, त्यामुळे उबवणी केंद्रात एक दिवसाच्या नर पिल्लांना मारून टाकायचे, वर्षाला कोट्यवधी. १ जानेवारी २०२२ पासून त्यावर इथे कायद्यानं बंदी आली. आता एक तर अंड्यातच लिंग तपासतात, नाहीतर नरांनाही वाढवतात. या वाढवलेल्या नरांना ‘ब्रूडरहान’ म्हणतात, म्हणजे कोंबडीचा भाऊ. दुकानात त्या अंड्यांचा डबा वेगळा असतो, दर अंड्यामागे काही सेंट जास्त मोजायचे आणि त्या पैशांत भावाचं खाणं निघतं. भाऊबीज उलटी, बहीण भावाला ओवाळणी घालते.

गजालवाला

म्हंजे थंय पण शेवटी कापतंतच मां?

हानोफरकर

शेवटी कापतातच. पण थोडा मोठा होऊन.

शेजारधर्म

दुसरी बाजू मांडतो. मी त्या ‘नुसतं बघणाऱ्या’ शेजाऱ्यांपैकी आहे, अर्थात दुसऱ्या गावात. एक कोंबडा आरवला तर छान वाटतं. पाच आरवले की पहाट होईपर्यंत डोकं उठतं. आम्ही बोलत नाही, कारण गावात राहायचं आहे आणि ‘मुंबईवाले आले नि नियम शिकवायला लागले’ हे ऐकायचं नाही. कृपया त्यांच्याकडे जाऊन तुम्ही स्वतः विषय काढा. “एवढे राहणार नाहीत, श्रावणाच्या आत कमी करतो” एवढं सांगितलंत तरी त्यांना झोप लागेल.

परसदारीण

हे पटलं. उद्या जाते. रिकाम्या हातानं नाही, अंडी घेऊन.

तोवर आरवणं कमी करायला काही उपाय? मुलगी म्हणते तलाठीच सुरुवात करतो, त्याला एकट्याला रात्री घरात खोक्यात ठेवू.

आडकित्ता

कोंबडं झाकल्यानं तांबडं फुटायचं राहत नाही, हे तुम्हाला शाळेत शिकवलं नाही वाटतं.

मोजपट्टी

यावर खरोखर संशोधन झालंय. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की कोंबडा उजेड बघून आरवत नाही, त्याच्या आत घड्याळ असतं. सतत मंद उजेडात ठेवले तरी जवळपास चोवीस तासांच्या चक्रानं आरवत राहिले. त्याच गटानं २०१५ मध्ये पुढचं दाखवलं. कळपात आधी सगळ्यात वरचढ कोंबडा आरवतो, मग दोन नंबर, मग तीन, मानाप्रमाणे. वरच्याला काढून घेतलं की दोन नंबरवाला सुरुवात करतो.

तेव्हा तलाठ्याला खोक्यात घातलंत तर चारला पोलीसपाटील उठेल.

आडकित्ता

म्हणजे माझा पहिला प्रतिसाद शास्त्रानं खोडला. बदली करून उपयोग नाही, पदच रद्द करावं लागेल.

परसदारीण

थांबा, मग सरपंच का सुरुवात करत नाही? तो सगळ्यात मोठा आहे.

डोंगरकपारी

ताई, तुमच्याकडे सत्तांतर झालंय. नीट बघा, सरपंच हल्ली कोपऱ्यात असेल.

परसदारीण

अगदी तसंच. आम्हाला वाटलं पावसानं गारठलाय.

पशुवैद्य_देशावरचा

खोक्याचं सांगतो. ठेंगणं, अंधारं खोकं केलं की मान ताणता येत नाही आणि आवाज दबतो हे खरं, पण वारा खेळता हवा आणि उजाडल्यावर लगेच बाहेर काढायला हवं. बाजारात मानेला बांधायचे पट्टे मिळतात, ते नकोत. दाणा खाऊन पोटली भरली की पट्टा आवळतो, श्वासाची पंचाईत होते. आणि कुणी विचारायच्या आधीच, खच्चीकरणही नको. कोंबड्याचे वृषण पोटात, मूत्रपिंडाजवळ असतात. ती पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आहे, बोकडासारखं काम नाही.

नवखा_पाळीकर

मग कडकनाथ घ्या ना ताई. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, नराला भाव चांगला येतो.

डोंगरकपारी

त्याचेही निम्मे नरच निघतात, दादा. आणि भाव ऐकून घेतलेल्या पिल्लांची पुढे काय गत होते ते या महाराष्ट्रानं पाहिलंय. तो विषय इथे नको.

वैनगंगाकाठ

एक सावधगिरीची गोष्ट. विकायचे असतील तर कुणाला विकताय ते बघा. आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडे कोंबडा बाजार म्हणजे आठवडी बाजार नव्हे. कोंबड्यांच्या पायाला काती, म्हणजे धारदार पाती, बांधून झुंज लावतात आणि वर पैसे लावतात. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याच्या ११ व्या कलमात हा गुन्हा आहे, धाडी पडतात, तरी चालू आहे. उंच, लांब मानेचा, तापट नर दिसला की असे गिऱ्हाईक बरोबर वास काढत येतात आणि वजनाच्या दुप्पट पैसे देतात. वजन न विचारता पाय आणि मान चाचपणाऱ्याला देऊ नका. खाणाऱ्याला द्या, एका झटक्यात संपतं.

निर्मांस

हे मात्र पहिल्यांदाच कळलं. याबाबतीत खाणाऱ्याला द्यावं हे मीही म्हणेन.

गजालवाला

निर्मांस, आज तुमच्या तोंडात साखर! आता मी थोडा गंभीर सांगतंय, मराठीत सांगतो, सगळ्यांना कळूदे.

ताई, वेळेचा हिशेब करा. गटारी जवळ आलीय. त्या आठवड्यात गावठी कोंबड्याला जो भाव मिळतो तो नंतर नाही. एकदा श्रावण लागला की गिऱ्हाईक संपलं. आमच्याकडे बरेच जण गणपती पाण्यात जाईपर्यंत वशाट खात नाहीत, म्हणजे दीड महिना तुम्ही नऊ जणांना बसून खायला घालणार. तेव्हा जे द्यायचे ते आत्ताच. बाजारात नेऊन पाय बांधून उलटे टांगू नका, घरबसल्या जातील. ओळखीत सांगा, वाडीत सांगा, चाकरमान्यांच्या घरी सांगा. नगावर देऊ नका, वजनावर द्या. नगावर द्यायला गेलात की घेणारा सगळ्यात मोठा उचलतो नि भाव लहानाचा लावतो.

एखादा राखणेसाठी, म्हणजे राखणदार देवाला द्यायला, ठेवा. देवाचं काम विकत आणलेल्या कोंबड्यावर करायला आमच्या आज्याला कधी आवडलं नाही.

परसदारीण

राखणेचं सासऱ्यांनी आधीच बोलून ठेवलंय. कुठला ते मुलीसमोर बोलायचं नाही असा घरात ठराव झालाय.

आता मुख्य प्रश्न. ठेवायचा तो कुठला? सरपंच म्हातारा झालाय. नवऱ्याचं म्हणणं तलाठी सगळ्यात दांडगा आहे, तोच ठेवू.

डोंगरकपारी

दांडगा म्हणून ठेवू नका. तीन गोष्टी बघा. दाणा सापडला की टकटक आवाज करून कोंबड्यांना बोलावतो की स्वतः गिळतो? वर घार फिरली की ओरडून सगळ्यांना खाली घालतो का? आणि लहान मुलीच्या अंगावर जातो का? तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर पहिली दोन कितीही चांगली असली तरी त्याला ठेवायचं नाही. मुलांच्या डोळ्यापाशी उडी मारणारा कोंबडा घरात नको. लोक म्हणतात मांडीवर घेऊन गरीब होतो; काही होतात, बरेच नाही होत.

पशुवैद्य_देशावरचा

मी वेगळंच म्हणेन. पुढे पिल्लं काढायची असतील तर नऊपैकी एकही ठेवू नका.

बघा, पाच तलंगा या नऊ जणांच्या बहिणी आहेत आणि सरपंच त्यांचा बाप. भाऊ ठेवला काय नि बाप ठेवला काय, रक्त तेच. एका पिढीत काही आभाळ कोसळत नाही, पण वाडीवाडीतून वर्षानुवर्षं हेच चालतं. मग अंडी कमी उबतात, पिल्लं किरकोळ निघतात आणि लोक म्हणतात गावठी जात बिघडली. तुमच्यातला चांगला नर दुसऱ्या गावच्या, नात्यात नसलेल्या कळपाला द्या आणि त्यांचा तुम्ही घ्या. पैसे लागत नाहीत.

अंडी नुसती खायचीच असतील तर यातलं काहीच लागू नाही. कोंबड्याशिवायही कोंबडी तेवढीच अंडी देते.

बिनधास्त_आजी

हे आम्ही करायचो बरं का. लेक माहेरी आली की जाताना सासरी कोंबडा न्यायची आणि पुढच्या खेपेला तिकडचा आणायची. रक्तबिक्त माहीत नव्हतं, ‘कोंबडा बदलून घ्यावा’ एवढंच माहीत होतं. कोंबड्या अर्धलीनं (पिल्लं निम्मी-निम्मी वाटून घ्यायच्या बोलीवर) पाळायला दिल्या तरी नरांचं आधी बोलून घ्यायचो, नाहीतर पाळणारी बाई तलंगा ठेवून घ्यायची आणि आपल्या वाट्याला सगळे आरवणारे.

पशुवैद्य_देशावरचा

आजी, अंड्याच्या आकारावर मी जे बोललो ते राहू द्या बाजूला. तुम्ही या विषयावर अजून लिहा.

मोजपट्टी

एक शंका. नर बदलला तर लगेच बसवलेल्या अंड्यांतून नव्या नराचीच पिल्लं येतात का?

पशुवैद्य_देशावरचा

नाही. कोंबडीच्या पोटात वीर्य दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतं. जुने नर पूर्ण काढल्यावर तीन-चार आठवडे थांबा, मग अंडी जमवा. घाई केली तर कागदावर बाप नवा आणि पिल्लू तलाठ्याचं.

आडकित्ता

सातबाऱ्यावर नाव चढायला वेळ लागतोच.

परसदारीण

मंडळी, झालेलं सांगते.

नऊही नरांना घरामागे लाकडाच्या खोपीत हलवलं, डोंगरकपारी यांनी सांगितलं तसं रात्री, सगळे एकदम. पहिल्या दिवशी दोघांची जुंपली, नंतर शांत. मला स्वतःला यावर विश्वास नव्हता. इकडे कोंबड्या जाळीत निवांत अंग पसरून बसायला लागल्या, आणि सरपंच परत मधोमध फिरतोय.

शेजाऱ्यांकडे गेले होते. काकू म्हणाल्या, आरवण्याचं काही नाही हो, एकाच वेळी सगळे लागतात त्याचं. आणि मग दबक्या आवाजात, “विकणार असाल तर एक आमच्यासाठी ठेवा, ह्यांना गावठी आवडतो.” तेव्हा एक तिथेच गेला. चार वाडीत वजनावर सांगून झालेत, गटारीच्या आदल्या दिवशी नेतील. एक राखणेचा. उरले तीन. त्यातला ग्रामसेवक हा डोंगरकपारी यांच्या तिन्ही परीक्षांत पास झाला (कधी दिसायचाच नाही, म्हणून आधी लक्ष गेलं नव्हतं). तो नणंदेच्या गावी, गुहागरकडे जातोय आणि तिकडचा एक येतोय. दोन अजून ठरलेले नाहीत. मुलगी त्यांच्यासाठी उपोषणाला बसायची भाषा करतेय.

सरपंचाला ठेवतोय. वय झालंय, पण घार आली की अजून तोच ओरडतो. नवीन आला की मात्र दोघांचं कसं जमवायचं?

डोंगरकपारी

दोन-तीन आठवडे जाळीच्या आडून एकमेकांना दिसू द्या, मग संध्याकाळी उशिरा सोडा. एक दिवस भांडतील. रक्त निघालं तर परत वेगळे. सरपंच हरला तर हरू द्या, पण त्याला पळायला जागा ठेवा.

निर्मांस

ते दोन न ठरलेले माझ्याकडे पाठवा. मी रत्नागिरीजवळ आहे. चारचे सहा होतील, आंबे अजून बरेच आहेत.

परसदारीण

खरंच? व्यक्तिगत संदेश पाठवते. पण एक सांगून ठेवते, त्यातला एक तलाठी आहे.

निर्मांस

काम नसलं तरी पगार चालू राहील, सांगा त्याला.

पशुवैद्य_देशावरचा

देवाणघेवाण करताय ते छान, पण बाहेरून आलेला कुठलाही पक्षी थेट कळपात नाही. निदान दोन आठवडे लांब, वेगळं भांडं, वेगळी चप्पल. हिरवी हगवण, मान वाकडी होणं, नाकातून पाणी यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस दिलीय का ते नणंदेला आजच विचारा. तुमच्याकडच्यांना दिलीय का? पावसाळ्यात एकदा आली की खुराडं रिकामं करून जाते. निर्मांस, हे तुमच्यासाठीही आहे.

परसदारीण

आमच्याकडे पिल्लं असताना डोळ्यात थेंब घातले होते. नंतरची इंजेक्शनची राहिलीय. पशुवैद्यकीय दवाखाना बुधवारी उघडा असतो, तेव्हा विचारते. नणंदेचा फोन लागत नाहीये, तिकडे वीज गेलीय.